वच्छलाचा थर्मामीटर

अडीच एकराचा धान कापून शेताच्या बांधीत पडला होता. कापलेल्या धानाच्या कडपा आणखी दोन दिवस वाळू द्या, असं आमचे हे, बकाराम, म्हणून राहिले होते. अन् माही पोरगी दामिनी, नागपुरात हवामान शिकणारी, आमच्या गावी गोरेगावले घरी येऊन मोबाईलवर वादळाचा नकाशा पाहात बसली होती.

"आई, वादळाची ओली गरम हवा सौंदडपर्यंत आली. दरेकशाकडून थंड कोरडी हवा उतरून राहिली. वाऱ्यानं दोघींले जवळ रेटलं का मधात, आपल्या गोरेगावावर, त्यांच्या टकरीची आघाडी तयार होते. दोघींच्या तापमानातला फरक वाढला का जोर वाढला. मग पाणी आपल्याच डोक्यावर!"

"म्हणजे दोन जावा एका चुलीवर," मी म्हटलं.

दोन्ही गावी तिनं थर्मामीटर देऊन ठेवले होते. सौंदडले माहा भाऊ सुकराम, दरेकशाले बहीण वच्छला. नऊ वाजता सौंदड चोवीस, दरेकसा वीस. अकराले सौंदड सव्वीस अन् दरेकसा एकोणतीस!

"थंड हवा मागं हटली वाटते," दामिनीचं तोंड उतरलं. "आघाडी नाही बनत."

"मग पडू दे धान!" हे खुश होऊन पानठेल्याकडं निघाले.

माह्या डोक्यात मात्र किडा वळवळला. आंगणात शाल पांघरून बसली म्हणून वच्छला फोनवर कुडकुडत बोलली होती. मी परत फोन लावला.

"शाल पांघरून बसली अन् पारा एकोणतीस? कुठं टांगला वो?"

"नऊनंतर आत आणला, चुलीपाशी. धान उकडून राहिली ना, तिथंच बसून वाचता येते."

"अवो येडे! बाहेर टांग!"

अर्ध्या तासानं तिनं आकडा सांगितला. पंधरा. दामिनी उडालीच. "चाराचा फरक अकरावर गेला! बाबाले बोलवा!"

ह्यांले मी पानठेल्यावरून हात धरून आणलं. बडबड करतच त्यांनी भारे बांधले. शेजारीपाजारी धावले. भाऱ्यांचा ढीग लावून पुंजना रचला, ताडपत्री ओढली, अन् पाचाच्या सुमारास धो-धो पाणी. ताडपत्रीखाली धान कोरडा ठणठणीत! पोरीचा असा अभिमान वाटला का काय सांगू. हे तर तिले खांद्यावर घेतेत का काय असं झालं.

तेवढ्यात वच्छलाचा फोन.

"रुख्मे, उकडलेला धान आंगणात पसरवला होता. पुरा भिजला! सकाळपासून थंडी विचारून राहिली, पाणी येते म्हणून काऊन नाही सांगितलं?"

मी दामिनीकडं पाहिलं, तिनं माह्याकडं. हे पोट धरून हसत सुटले.

"वच्छला," मी म्हटलं, "चुकलं वो बाई. आमच्याकडून एक पोतं घेऊन जाजो. अन् तो थर्मामीटर आता आत घे."