ठिणगी कुठे जात होती

बाकावर दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा एक तुकडा, दोन प्लग आणि झाकणाच्या सहापैकी पाच स्क्रू होते. मी शेजारीच लाकडी घोडीला टांगलेली होते. मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. छोट्या होडीच्या मागच्या फळीला लावतात, तसली.

नावाड्याने मला नवीकोरी आणली. रोज संध्याकाळी तो मला फडक्याने लख्ख पुसायचा. मग आतून त्याच्या बायकोची हाक यायची, "सवतीचे लाड झाले असतील, तर जेवायला या."

"ही सवत बरी. उलट बोलत नाही."

"बोलत नाही? रोज पहाटे अख्ख्या गल्लीला उठवते!"

कितीतरी वर्षं मी एका झटक्यात सुरू होत असे. मग ती दुपार आली. बायकोच्या छातीत कळा येऊ लागल्या. दवाखाना पैलतीरावर. लेकीने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो. मधोमध पोहोचलो आणि मी बंद पडले.

त्याने दोरी ओढली. प्लग बदलला. पुन्हा ओढली. तळहात सोलून निघाले. "चल गं बाई, आज नको असं करूस," असं म्हणत त्याने मला हात जोडले. पेट्रोल होतं, दट्ट्या धड होता. फक्त ठिणगी नव्हती. शेवटी त्याने वल्ही घेतली. काठ आला, तेव्हा लेक आईला हाका मारत होती आणि आई ओ देत नव्हती.

नंतर एका मेकॅनिकने झाकणही न उघडता निकाल दिला, "कॉइल गेली, मग ठिणगी कुठून येणार? तुम्ही तरी काय करणार होतात?" नावाड्याने ते वाक्य उराशी धरलं. भेटेल त्याला तो तेच सांगे. मी कोपऱ्यात गोणपाटाखाली गंजत राहिले.

आता लेकीने मला उघडलं होतं. तिने नवा प्लग लावला, ठिणगी नाही. ठिणगी जुळवणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, तरी नाही. मग तिने बंद करायच्या बटणाची वायर सोडवली. ते बटण दाबलं की कॉइलचा प्रवाह माझ्या धातूच्या अंगात जिरतो आणि मी थांबते. वायर बाजूला करून तिने चाक फिरवलं. निळी ठिणगी उडाली.

तिने वायर उजेडात धरली. एका वळणावर आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं. ते माझ्या अंगाला टेकत होतं. बटण कुणी दाबलंच नव्हतं, तरी मी बंद होते. त्या दुपारी ही एक वायर सोडवली असती, तर मी चालले असते.

दारात म्हातारा नावाडी उभा राहिला. "लागला का शोध? कॉइलच ना?"

तिने वायर मुठीत मिटली. "हो बाबा. कॉइलच."

"तरी मी म्हणत होतो. माणूस काय करणार त्याला?"

"काहीच नाही, बाबा. उन्हात नका उभे राहू."

तो मान हलवत घरात गेला.

मित्रांनो, आम्हाला पुसाल, तेव्हा नुसता रंग पुसू नका. झाकण उघडा, वाकलेल्या वायरवरून बोट फिरवा. कुठे दुखतंय ते आम्हाला सांगता येत नाही.

मग तिने ठिणगी मोजायचं साधन जोडलं आणि दोरी ओढली. कॉइल जुनीच होती. ठिणगीने सहा मिलिमीटर अंतर पार केलं, धडधाकट कॉइलची करते तेवढंच.