कुंकू लावलेली कादंबरी

मी एक जुनी युद्धकादंबरी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच रद्दीत घालायला निघू नका. माझ्या मुखपृष्ठावर बंदूक रोखलेला जवान आहे, आणि नगरच्या छापखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा नव्या नवरीपेक्षा जास्त होता.

मित्रांनो, गोरक्षनाथ फौजी निवृत्त होऊन सुप्याजवळच्या आपल्या वाडीत आला, तेव्हा लोकांनी गुलाल उधळत जीपमधून त्याची मिरवणूक काढली. शाल, नारळ आणि मी असा सत्कार झाला. त्याची आई आक्काबाई. शाळा तिनं पाहिली नव्हती, पण तोंड गावाला पुरून उरेल असं! मला छातीशी धरून म्हणाली, "माझा ल्योक हाय ह्यात. वैऱ्याला लोळवून आलाय!"

गोरक्षनाथनं मला एका दुपारी वाचायला घेतलं. पान एकशे बारावर माझा नायक शत्रूला मारतो, हसत छावणीत परततो आणि त्याला गाढ झोप लागते. मला फार अभिमान होता त्या पानाचा. गोरक्षनाथ नेमका तिथंच थांबला. त्यानं पेन्सिल घेऊन माझ्या कोऱ्या कडेला चार ओळी लिहिल्या आणि घरातलं कुणीतरी वाचेल म्हणून मला तसंच उघडं खाटेवर ठेवलं.

पण आली आक्काबाई. "पुस्तक असं टाकत्यात व्हय रे? सरस्वती हाय ती!" तिनं मला मिटलं, लाल फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसवलं. रोज हळदकुंकू. मीही फुगले. कुठल्या कादंबरीला एवढा मान मिळतो?

समोर गोरक्षनाथ मुका होत चालला. निवृत्तीनंतर धरलेली कारखान्याच्या गेटवरची नोकरी त्यानं सोडली. जेवताना पाण्याचा तांब्या पुढं आला की तो ताटावरून उठायचा. आक्काबाई शेजारणींना सांगायची, "मर्दानगी अंगात मावत न्हाई त्याच्या." चार वर्षं अशीच गेली.

यंदा आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी गोरक्षनाथची बायको राजेश्वरी देव्हारा पुसत होती. फडकं सुटलं, मी नेमकी त्या एकशे बाराव्या पानावर उघडले. कडेच्या पेन्सिलीच्या चार ओळी तिनं पुन्हा पुन्हा वाचल्या.

"मोठ्यानं वाच की. मला काय अक्षर येतंय?" आक्काबाई खेकसली.

राजेश्वरीनं वाचलं. "हे खोटं आहे. तो वीस वर्षांचा असेल. मरताना पाणी मागत होता. माझ्या बाटलीत पाणी होतं, मी दिलं नाही."

आक्काबाई उठली आणि तडक कुंभाराकडं चालू लागली.

आखितीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. या घरात दरवर्षी एकच असे, आक्काबाईच्या मालकाचा. यंदा तिनं दोन मांडले.

"आई, दुसरा कुणाचा?" गोरक्षनाथनं विचारलं.

"त्याचं नाव तुला ठाव न्हाई, मला बी न्हाई. पानी मागितलं हुतं ना त्यानं? घाल आता तुझ्या हातानं."

गोरक्षनाथनं पाणी ओतलं, निम्मं जमिनीवर सांडलं. मग तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान लेकरासारखा रडला.

मित्रांनो, त्या पानाची मला आता लाज वाटते. लढाई पाहिली त्यानं, आणि ऐटीत मिरवले मी! आता मी खिडकीत असते. कुंकवाचा डाग काही गेला नाही. मला पुजू नका, उघडून वाचा. आणि घरात फौजी असेल तर "किती मारले?" असं त्याला विचारू नका. नुसतं जवळ बसा. सांगायचं तेव्हा तो सांगेल. तोवर एक पेन्सिल त्याच्या हाताशी राहू द्या.