उज्जीच्या आईची झील

मी एक जुना, वायरीचा माइक आहे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपली आहे आणि मुठीच्या जागेचा काळा रंग उडाला आहे. मित्रांनो, तुम्हांला वाटत असेल की इतक्या वर्षांची गाणी माझ्या पोटात साठली असतील. माइकच्या पोटात काही राहत नाही. आवाज येतो, माझ्या आतला पातळ पडदा थरथरतो, आणि आवाज वायरीतून पुढं निघून जातो. मी म्हणजे उंबरा. उंबऱ्यावर कुणी मुक्काम करत नाही. तरी एक आवाज मला ओलांडून गेलाच नाही, असं मला वाटतं. त्या आवाजाची ही गोष्ट.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते सुरतेच्या एका दुकानात, फोमच्या खाचेत. तिथून सुरतेच्याच भेस्तान भागातल्या भिकनकाकांनी मला घरी आणलं. काका मूळचे खानदेशचे, त्यांचा बँड होता. हळद असो की मिरवणूक, काकांचा टेम्पो हजर. पहिली दोन वर्षं मी ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’ आणि ‘नवरदेवाच्या मामांनी मांडवात यावं’ याच्यापलीकडं फार काही ऐकलं नाही. हळदीचे हात लागले, घामाचे लागले. मी खूश होतो.

मग उज्जी आली. उज्ज्वला तिचं नाव. सतरा वर्षांची, आवाज कोवळ्या कैरीसारखा, आंबट आणि करकरीत. तिचे वडील निंबाबाबा कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात होते. तीस वर्षं त्या खडखडाटात राहून त्यांचे कान अर्धे झालेले. आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. तिला सगळी गल्ली उज्जीची आई म्हणायची. निंबाबाबासुद्धा दारातून हाक मारायचे ती, “उज्जीनी माय व!” अशीच. तेव्हा मीही तिला त्याच नावानं ओळखत होतो.

एका उन्हाळ्यात काकांनी पत्र्याच्या खोलीत भिंतींना गाद्या बांधल्या आणि म्हणाले, “हा आपला स्टुडिओ.” पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. उज्जी माझ्यासमोर उभी राहिली आणि आखाजीचं गाणं गायला लागली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाणी गातात. हे गाणं मात्र उज्जीच्या आईनं स्वतः जुळवलेलं होतं, साड्यांवर टिकल्या लावता लावता.

*झोका गया व माय गावना शीववर,*
*तठून दिखस मन्हा बापनं घर.*

झोका गावच्या शिवेपर्यंत गेला, तिथून माझ्या बापाचं घर दिसतं. एवढंच गाणं. पण उज्जीला ते जमेना. पहिली ओळ झाली की तिचा श्वास संपायचा. सात वेळा चुकली. आई डबा घेऊन दारात उभी होती.

“वहिनी, तुम्ही बाहेर बसा, बांगड्या वाजतात,” काका म्हणाले.

“मी काबर बाहेर बसू?” आई फणकारली. “पोर चुकी राह्यनी ना! तिनामांगे कोनी नको का?”

तिनं डबा खाली ठेवला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि उज्जीच्या मागं येऊन उभी राहिली. पहिली ओळ उज्जीनं म्हटली. तिचा श्वास जिथं संपला, तिथून आईनं उचललं: *दिखस व माय, दिखस व.* आमच्याकडं याला झील धरणं म्हणतात. पुढच्याची ओळ खाली पडू द्यायची नाही, मागून झेलायची.

मित्रांनो, तो आवाज सुंदर नव्हता. तो जाड होता, काठाला फाटलेला होता. नवऱ्याच्या अर्ध्या कानांपर्यंत हाक पोहोचवता पोहोचवता तो तसा झाला होता. पण तो माझ्या पडद्यावर आला आणि मी मुळापासून हाललो.

ते गाणं काकांनी इंटरनेटवर चढवलं. नाव दिलं, ‘गायिका उज्ज्वला’. एकच नाव. कुणाच्या मनात काही नव्हतं. दुसरं नाव लिहायचं असतं, हे कुणाला सुचलंच नाही.

गाणं वणव्यासारखं पसरलं. भेस्तानच्या गल्लीपासून इच्छापोरच्या कारखान्यांपर्यंत लग्नं त्याच्याशिवाय लागेनात. माणसं नाचायची ती झीलवर. उज्जीच्या ओळीला हात वर आणि आईच्या झीलला पाय खाली. उज्जीची मोठाली छायाचित्रं लागली, चमकते झगे आले, पाठीमागं नाचणाऱ्या मुली आल्या. निंबाबाबा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला दाबून धरत. अर्ध्या कानांना लेकीची कोवळी ओळ ऐकू येत नसे, बायकोची झील तेवढी येई.

नंतर एका वाहिनीनं उज्जीला बोलावलं. ‘आता गायचं कमी, बोलायचं जास्त,’ असं ते म्हणाले. ती निवेदिका झाली. रोज नवे पाहुणे, नवे खेळ, नव्या जाहिराती. ती मला सोबत घेऊन गेली, कारण लोकांना तिच्या हातात मीच पाहायची सवय होती. पण तिथं माझी वायर काढून टाकली. खरा आवाज घ्यायचा तिच्या गळपट्टीला टोचलेला बोंडाएवढा माइक. मी तिच्या मुठीत मुका. दिव्यांच्या उजेडात चकाकायचं, एवढंच माझं काम.

त्या दिवाळीच्या तोंडावर काविळीनं उज्जीची आई गेली. उज्जी तेव्हा चित्रीकरणात होती. ती पोहोचली तेव्हा आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

उज्जीनं साड्यांचा धंदा काढला. भागीदार ललितभाई, कापडबाजारातले मुरलेले व्यापारी. जाहिरातीला तेच आखाजीचं गाणं घ्यायचं ठरलं. थंडगार काचेच्या खोलीत एक माणूस म्हणाला, “मॅडम, पीछे जो मौसी की आवाज है, बहुत रफ है. निकाल दें?”

उज्जीनं हात लांबवून गाणं थांबवलं. मग म्हणाली, “काढा. तो आवाज ऐकला की मला पुढं बोलता येत नाही.”

मित्रांनो, तिला दोष देण्याआधी थांबा. तिनं आईला घालवायला ते केलं नाही. तिला सहन होत नव्हतं म्हणून केलं. आवाज काढला, गाणं स्वच्छ झालं. जुनं गाणं गोंधळ नको म्हणून इंटरनेटवरूनही उतरवलं.

आणि त्या दिवसापासून गाण्यात एक भोक पडलं.

उज्जी कार्यक्रमात बोलता बोलता मध्येच थांबू लागली. “आणि आता येत आहेत...” म्हणायची आणि थांबायची. कुणीतरी मागून वाक्य उचलेल, अशी. लोकांना ती तिची लकब वाटली, ते टाळ्या वाजवत. मुठीतून मला मात्र कळायचं, तिची बोटं गार पडलेली असत. एकदा आवाज तपासणाऱ्या शुभमनं कानांवरची यंत्रं काढली आणि विचारलं, “दीदी, तुमच्या मागं कोण उभं आहे?”

“कुणी नाही. का?”

“तुम्ही थांबता ना, तेव्हा कुणीतरी श्वास घेतं. गायच्या आधी घेतात तसा.”

“एसी असेल,” उज्जी म्हणाली. पण तिनं मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. मागं रंगीत पडदा होता आणि पडद्याच्या मागं भिंत. वायर काढलेला माइक मी, माझा पडदा हालायचं कारण नव्हतं. तरी तो हालला होता.

दुसऱ्या दिवशी निंबाबाबांचा फोन आला. “उज्जी, गानामा तुन्ही माय नही. कोठे गयी ती?”

“बाबा, गाणं नवीन केलंय. साफ केलंय.”

“साफ कयं,” ते म्हणाले. पुढं लूमचा खडखडाट ऐकू येत राहिला. त्यांनी फोन ठेवला नव्हता.

दुकानाच्या उद्घाटनाचा दिवस ललितभाईंनी काढला. “बेन, अखात्रीजसारखा मुहूर्त नाही. सोनं, गाडी, दुकान, सगळं त्याच दिवशी!” अखात्रीज म्हणजे गुजरातीत आखाजीच. उज्जीनं होकाराची मान हलवली. मोठी चूक झाली ती इथं. बाजाराला तो दिवस सुरुवातीचा. खानदेशी घराला तो आधी गेलेल्यांचा. आखाजीला सकाळी मातीची घागर पाण्यानं भरतात, वर आंबा ठेवतात, आमरस-पुरणपोळी मांडतात. मग निखाऱ्यावर घास टाकून गेलेल्या माणसाला नावानं बोलावतात. त्याला आगारी टाकणं म्हणतात. उज्जीच्या आईची ती पहिली घागर होती.

त्या सकाळी फोन वाजला. “घागर भरीसन ठेयी शे. ये.”

“बाबा, आज उद्घाटन आहे. संध्याकाळी येते ना.”

“सांजपावत पितर थांबतस नही, बेटा. दुपारलेच जातस.”

अकरा वाजता कापडबाजाराजवळच्या त्या चकचकीत दुकानासमोर गर्दी जमली. शोभेला ठेवलेल्या काचेच्या पेटीतून काढून मला उज्जीच्या हातात दिलं. नवं गाणं लागलं. तिनं गाण्यासोबत ओठ हलवायचे होते. *झोका गया व माय गावना शीववर, तठून दिखस मन्हा बापनं घर.* आणि मग ते भोक आलं. नुसता ढोल. गर्दीतल्या बायकांचे पाय सवयीनं उचलले गेले आणि झील न आल्यानं तसेच अधांतरी राहिले. सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अवं, मांगली कोठे गयी?”

मागची कुठं गेली! उज्जीच्या मुठीत मला घाम जाणवला. ती पायऱ्या उतरली.

“बेन! रिबन!” ललितभाई ओरडले. “पब्लिक उभी आहे!”

“तुम्ही कापा.”

“अरे पण माइक तरी द्या!”

ती रिक्षात बसली होती. मी तिच्या मांडीवर होतो.

भेस्तानच्या गल्लीत शेजारच्या धुरपदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या मराठवाड्याच्या, तोंडाच्या फटकळ. “बघा गं बया, आज टीव्ही पायी चालत आला दारात!” म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “जा लवकर. तुझा बाप सकाळधरनं त्या घागरीपुढं बसलाय. जेवला नाही का बोलला नाही. इस्तू दोनदा इझला, दोनदा पेटवला. मी म्हणलं, मी टाकते घास. तर नुसती मान हलवतो.”

आत घागर होती, आंबा होता, गार झालेली पोळी होती. भिकनकाका भिंतीला टेकून बसले होते. निंबाबाबांच्या हातात घास तसाच.

“बारा वाजी ग्यात,” काका हळूच म्हणाले.

उज्जी गुडघ्यांवर बसली. “बाबा, घास का टाकला नाहीत?”

निंबाबाबांनी तिच्याकडं पाहिलं. “नाव लेनं पडस. मन्ही जीभ वयस नही. चाळीस वरीसमा तिनं नाव कधी लिधंच नही मी. उज्जीनी माय, उज्जीनी माय, तेच म्हणत उनू. तसं बलावाले तू तं जित्ती शे. तुना नावमा ती कशी ई?” जिवंत लेकीच्या नावानं हाक मारली तर गेलेली बायको कशी येईल, हा त्यांचा घोर होता. त्यांनी घास तिच्या हातात ठेवला. “तूच ले.”

मित्रांनो, ती बाई रोज कॅमेऱ्यापुढं शंभर नावं घ्यायची. पाहुण्यांची, साबणांची, मसाल्यांची. एकदाही अडखळली नव्हती. त्या क्षणी तिचे ओठ नुसते हालत राहिले. मी तिच्या मांडीवरून पाहत होतो. निखारा राखेत चालला होता.

मग ती म्हणाली, “प्रमिला.”

आणि पुन्हा, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं, “प्रमिलाबाई निंबा पाटील. माय, ये.”

घास पडला, तूप चरचरलं, धूर वर गेला. मला त्या दिवशी कळलं तिचं नाव. दहा वर्षं तिच्या आवाजानं हाललेला मी, आणि नाव त्या दिवशी कळलं.

“ऊनी का ती?” उज्जीनं विचारलं.

निंबाबाबांनी बराच वेळ कान दिला, त्या अर्ध्या कानांनी. “ठाऊक नही,” म्हणाले. “दुपार व्हई गयी.”

उज्जीनं डोळे पुसले आणि भिकनकाकांकडं वळली. “काका, जुनं गाणं तुमच्याकडं आहे ना? परत चढवा. आणि आधी तिचं नाव लिहा. माझं खाली.” त्यावरून ललितभाईंनी पुढं भागीदारी मोडली, मोठी पाटी उतरली. आता ती एका लहान गाळ्यात साड्या विकते आणि रविवारी गाते. गाताना अजून थांबते. त्या थांब्यात कुणी श्वास घेतं का, हे विचारायला शुभम तिथं नसतो.

मी भेस्तानच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंवरची धूळ पुसा, वायरी नीट गुंडाळा, आम्हांला पाडू नका, हे तर मी सांगणारच. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरात जिला सगळे कुणाची तरी आई म्हणतात, कुणाची तरी आजी म्हणतात, तिच्याजवळ आज जा आणि तिचं नाव मोठ्यानं घ्या. ती ऐकेल, दचकेल, हसेल. तिच्या तोंडाकडं पाहा. ती समोर आहे तोवरच ते दिसतं. घागरीपाशी घेतलेलं नाव पोहोचतं की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही.