चौथी हाक

चिखलबोडीत मासोळीचे वाटे हाक मारून देतात. उन्हाळ्यात तलाव आटत आला, की सगळा ढिवरमोहल्ला एकाच दिवशी जाळी घेऊन उतरतो. निघेल ती मासोळी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर सारख्या ढिगांनी मांडायची. मग म्हातारा कोलूभाऊ काठी टेकत उभा राहतो आणि घरागणिक हाक देतो. तीन हाका. तिसऱ्या हाकेलाही कोणी उठलं नाही, तर वाटा परत टोपल्यात. तिथं सबब चालत नाही आणि रडगाणं तर मुळीच नाही.

हाक द्यायची ती घरच्या पुरुषाच्या नावानं, मग तो जिता असो की मेलेला. चंदाबाईचा डोमा वैनगंगेच्या पुरात गेला तेव्हा त्यांची रिंकू रांगत होती. ती रिंकू आता ब्रह्मपुरीला कॉलेजात जाते. तरी पारीवर अजून "डोमा!" अशीच हाक पडते आणि चंदाबाई पदर खोचून उठते. आता तर बाई गावची सरपंच! तरी आपली "डोमा!"

खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती डोमाची बायको, मग रिंकूची माय. माहेर सुटलं तसं स्वतःचं नाव कानावर पडणंच बंद झालं होतं. निवडणूक आली आणि काय नवल, भिंतीभिंतीवर चंदा, लेकरांच्या तोंडी चंदा, जीपवरच्या भोंग्यात चंदा! गावानं निवडून दिलं त्याचा आनंद होताच. पण गावानं आपलं नाव आपल्याला परत दिलं, याचे उपकार मानावे तितके थोडे, असं तिला वाटे. रस्त्यात कोणी "का वं चंदा, कुठी चालली?" म्हटलं, की दिवसभर तोंड गोड राही.

रिंकूच्या मात्र नाकावर राग. तलावाच्या नव्या दरवाज्याचं उद्घाटन झालं, त्या दिवशी उपसरपंच धनराजनं माईक धरला. माननीय अमुक साहेब, आदरणीय तमुक साहेब, आपले लाडके कंत्राटदार साहेब! मानाची नुसती खिरापत वाटली लेकाच्यानं. आणि शेवटी म्हणाला, "अन् आपल्या गावची चंदा!"

घरी येताच पोरगी फुटली. "माय, मागच्या सरपंचाले कोणी सुखदेव म्हणे का? शेंडे साहेब म्हणत होते. तुले काऊन नुसतं चंदा?"

"अवं, आपले लोक हायेत. मले गोड लागते."

"गोड लागते म्हून गिळशीन का सारंच? पंचायतीत तू नुसती चंदा, अन् पारीवर तू डोमा. मंग चंदाबाई कुठी राह्यते माय?"

"शिकून आली अन् मायलेच शिकवते," असं म्हणून चंदाबाईनं चूल फुंकली. पण प्रश्न काही धुरासंगं गेला नाही. मासोळीच्या काट्यासारखा घशात बसला.

पुढच्याच आठवड्यात तालुक्याहून वैद्य साहेब आले. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे ढिवरांनी स्वतःच्या तलावात मजूर म्हणून उतरायचं! चंदाबाई सरपंचाच्या खुर्चीत बसली होती, साहेबांचा चहाही तिनंच सांगितला होता. साहेब चहा प्याले आणि तिच्या डोक्यावरून पलीकडं धनराजकडं बघत म्हणाले, "मग धनराजभाऊ, तुमचं जमतंय ना? चंदाला सांगा, सही करून टाकेल."

चंदाबाईची कानशिलं तापली. नाव तेच होतं. पण गावचे लोक म्हणतात ती चंदा घरची होती, आणि या माणसानं म्हटलेली चंदा घरकामाला ठेवलेली होती. पोरगी म्हणत होती ते हेच काय!

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं पहिलं नाव काय जी?"

"अतुल. का?"

"मी अतुल म्हटलं त चालंन?"

धनराजला चहाचा ठसका लागला.

"मले चंदा म्हणणारे लोक हायेत साहेब. माह्या घरची चूल इझली होती तवा त्याइनं माह्या दारात तांदूळ आणून ठेवला. त्याइले तो हक्क हाय. तुमी चंदाबाई म्हणा, नाई त सरपंच म्हणा. अन् मले सांगाचं ते मले सांगा, धनराजले नोका सांगू. तलाव ढिवराचाच राहीन. सही होत नाई."

साहेब माणूस वाईट नव्हता, नुसता सवयीचा होता. "चुकलंच माझं, चंदाबाई," म्हणाला, आणि कागद बॅगेत घालून गेला. धनराजची तर त्या दिवसापासून जीभच वळली. उठता-बसता सरपंचबाई, सरपंचबाई! रात्री चंदाबाईनं रिंकूच्या ताटात मरळीचा मोठा तुकडा वाढला. पोरीला काय समजायचं ते समजलं.

पारीवरची हाक मात्र उरली होती.

वाट्याच्या दिवशी पारीवर गर्दी झाली. चार-पाच घरांचे वाटे गेले. मग कोलूभाऊनं हाक दिली, "डोमा!"

चंदाबाई उठली नाही.

"डोमा!"

वाटा टोपल्यात गेला तर अख्ख्या गावापुढं हसं होणार. पण ती बसूनच म्हणाली, "कोलूभाऊ, डोमा येत नाई आता."

कोलूभाऊ आणि डोमा एकाच डोंग्यातले जोडीदार होते. पुरात डोंगा उलटून दोघं पडले आणि एकटा कोलू निघाला, हे कोणाला ठाऊक नव्हतं?

"मले मालूम हाय बाई," म्हातारा हळूच म्हणाला. "वर्साले एकडाव त्याचं नाव माह्या तोंडात येते. तेवढंच उरलं. तेही नेतेस का?"

हा माणूस आपलं नाव पुसत नव्हता, डोमाचं जपत होता! इतकी वर्षं आपल्याला कळलंच कसं नाही? ती उठून त्याच्यासमोर गेली.

"नेत नाई भाऊ. तुमी जपलं म्हून तर त्याचं नाव राह्यलं. माह्या घरी येऊन रोज घ्या, मी बसून आयकीन. पण जाळं मी टाकलं, मासोळी मी धरली. हाक मले द्या."

कोलूभाऊनं काठी या हातातून त्या हातात घेतली. घसा खाकरला.

"चंदा!"

नुसतं चंदा. मागं बाई नाही, पुढं सरपंच नाही. रिंकूच्याही नाकावर राग नव्हता. चंदाबाईनं "ओ" दिली आणि तिचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याच्या पायाला हात लावून तिनं आपला वाटा उचलला.

पुढचा वाटा सुकलूचा. सुकलू जाऊनही जमाना झाला होता. त्याची म्हातारी पार वाकलेली, खाली मान घालून आपल्या नवऱ्याच्या हाकेची वाट बघत बसली होती. कोलूभाऊनं तिच्याकडं पाहिलं, थोडं आठवलं, आणि म्हणाला, "ठमा!"

म्हातारी हलली नाही.

"ठमा!"

तिनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. हा कोणाला बोलावून राह्यला बावा, असं तोंडावर. बाया हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"ठमा!"

"अवो बुढे, तूच होय ना ठमा!" चंदाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

"मी का?" म्हातारी म्हणाली. "होय वं माय, मीच."

वाटा तिथंच पानावर पडला होता. तिकडं तिनं पाहिलंही नाही. लटपटत ती कोलूभाऊसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आणखी एक डाव म्हण ना गा."

आणि चिखलबोडीच्या पारीवर पहिल्यांदाच चौथी हाक पडली.