पांढऱ्या फुलाची मोहरी

“दबोराबाई, ही भाजी खाल्ली कुणी?” शेजारच्या रतनबाईनं दारातल्या कचऱ्यातली काडी उचलून चुरडली, नाकाशी नेली.

“आमच्या हेलननं. पोटभर. का वो?”

“आवं, ही मोहरी न्हाई. हळीव हाय हळीव! बाळंतिणीला देत्यात, गरवार बाईला न्हाई. कूस रिती करतंय त्ये!”

दबोराच्या हातातलं सूप खाली आलं. आत सून निजली होती. सातवा महिना. याआधी दोनदा त्या घरातला पाळणा रिकामाच उचलून ठेवला होता.

“मोहरीच असंल. तिखट लागली. फूलबी चार पाकळ्यांचं, क्रुसावानी.”

“पिवळं?”

“न्हाई. पांढरं.”

“मंग झालं! मोहरी कवा पांढरी फुलती व्हय?”

शिरूरच्या मिशनच्या बायांना मडम सांगायची, क्रुसाचं फूल असेल ते पान बिनघोर खा, देवानंच खूण केलीय. बाया माना डोलवायच्या. पोटुशा बाईचं काय, हे मडमनं सांगितलं नाही आणि विचारायची छाती कुणाची? स्वतः पावात घालून खायला तिनं काहीबाही पेरलं होतं. मायदेशी परतताना तिच्या साहेबानं देवळाच्या घंटेची दोरीसुद्धा नीट बांधून ठेवली. बाग मात्र मोकाट सोडली. वाफ्यातलं रोप ओढ्यापर्यंत पसरलं. आजची भाजी दबोरानं तिथूनच खुडली होती. तिनं हळीव जन्मभर वाण्याच्या पुडीत पाहिलेले, रोपावर कधीच नाही.

ती धावत ओढ्यावर गेली. वाळक्या चपट्या शेंगा तळहातावर चोळल्या. तांबूस बी निघालं. मोहरी तोंडात कडक राहते, हळीव बुळबुळीत होतात. एवढं तिला कळत होतं, म्हणूनच बी जिभेवर ठेवायला हात उचलेना. ‘बापा, कडक राहू दे,’ म्हणत तिनं अखेर ते ठेवलं.

जरा वेळानं बी जिभेवरून घसरलं.

घरात शिरली तेव्हा रतनबाई हेलनच्या उशाशी बसलेली.

“पोट दुखतंय का गं, पोरी?” दबोरानं विचारलं.

“वढल्यावानी वाटतंय जरा. आत्या, तुमचं त्वांड असं का झालंय?”

“उन्हातनं आले.”

रतनबाई दबोराच्या कानाशी लागली, “तुमच्या विल्यमला दौंडला सांगावा धाडू?”

“काय सांगशील? तुझ्या आईनं...”

पुढचं गाव बोलणारच होतं. गावाला सासू सापडली की पुरे. समुद्रापारच्या मडमला कोण जाब विचारतंय?

“मुठीत काय हाय, आत्या?” हेलननं विचारलं.

दबोरानं मूठ उघडली. फेकून द्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

“हळीव. तुझ्या लाडवाला. बाळ झाल्यावर.”

“आत्तापासनं?” हेलन हसली आणि हसता हसता तिनं ओठ दाताखाली धरला. तिचा हात सासूच्या मनगटाशी आला, आवळला.

दबोरानं मनगट सोडवलं नाही. दुसऱ्या हातानं आणि दातानं ती पदराच्या टोकाला, त्या बियांवर, गाठ मारत राहिली.