थुंकलेले तीन घोट

मित्रांनो, आधी शपथ घेतो. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझा कान तुटो आणि माझं बूड गळो. डब्याला याहून मोठी शपथ नसते.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आता लाजून काय करायचं, स्पष्टच सांगतो, लोक मला टमरेल म्हणतात. हसा, हसून घ्या. तुमचं झालं की पुढे सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. दातांचे साचे घ्यायची पांढरी पावडर माझ्यात भरली आणि मला एका दातांच्या दवाखान्यात पाठवलं. पावडर संपली, तेव्हा एका कारागिरानं डाख देऊन मला कान बसवला आणि माझी बदली झाली मागच्या मोरीत. तिथे मी अकरा वर्षं कुणाकुणाच्या कामी आलो ते सांगत नाही. मोठमोठे लोक होते. मग एक दिवस प्लास्टिकचा निळा मग आला आणि मला माळ्यावर भिरकावलं.

तिथून मला खाली काढलं ते ताईनं. ताई त्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या तोंडापुढे ग्लास धरून म्हणायची, "चूळ भरा. थुंका. परत भरा." तिनं मला घरी नेलं, सात वेळा उकळलं, उन्हात पालथं घातलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मानानं बसवलं. मला वाटलं, आता माझ्यात साखर ठेवणार. कसली साखर!

ताईला एक छंद होता. वाइन चाखायचा. वाइन म्हणजे द्राक्षं आंबवून केलेलं मोठ्यांचं पेय, तुम्ही मोठे व्हा मग बघू. पण ताई महागाच्या वाटेला जायची नाही. दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरच्या, वाकून घ्याव्या लागणाऱ्या बाटल्या ती आणायची. रविवारी सकाळी खिडकीशी बसायची, ग्लासाखाली पांढरा कागद ठेवायची, रंग बघायची, नाक खुपसायची, घोट घ्यायची, तोंडात खळखळवायची आणि माझ्यात थुंकायची. प्रत्येक वाइनचे तीन घोट. मग चिठ्ठी लिहायची आणि दोऱ्यानं बाटलीच्या गळ्यात बांधायची. "दहापैकी सहा. येते थाटात, पण बोलायला काही नाही." एकदा तर अशी आंबट वाइन आली की तिच्या एका घोटात माझा अकरा वर्षांचा गंज उतरला, आणि समोरच्या भिंतीवरची पाल बिऱ्हाड उचलून शेजारी राहायला गेली. ताईनं लिहिलं, "दहापैकी दोन. भांडी घासायला दहापैकी दहा."

या चिठ्ठ्या ताईच्या धाकट्या भावाच्या दुकानात टांगलेल्या असायच्या. लोक त्या वाचूनच बाटली उचलायचे.

आता एक गुपित. वाइन आवडली की ताई तिसरा घोट थुंकायची नाही. हळूच गिळायची. हे फक्त मला कळायचं. दोन घोट आले की समजायचं, हिला सात किंवा त्याच्या वर मिळणार. तिन्ही आले की खेळ खलास.

तर एका रविवारी ताईचा भाऊ सकाळीच आला. त्याला सगळे गुंड्या म्हणायचे, कारण लहानपणी त्यानं शर्टाची गुंडी गिळली होती. तेव्हापासून तोंडात गेलेलं बाहेर काढायचं नाही, हा त्याचा नेम. त्या नेमानंच घात केला. व्यापाऱ्याकडे त्यानं अकरा नमुने चाखले आणि अकराच्या अकरा गिळले. मग बारावा त्याला अमृत वाटला. होता नव्हता तेवढा सगळा माल उचलून आणला.

त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि शेजारी एक चिठ्ठी.

"लिहूनच आणलीय," तो म्हणाला. "दहापैकी आठ. तू नुसती सही कर."

"न चाखता? दाढ न बघताच आमचे डॉक्टर 'उत्तम' म्हणतात का रे?"

"मग चाख. पण सही कर."

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"किती आणलीस?"

"खोकी विचारू नकोस. दुकानात मी आडवा होऊन चालतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ही गेली नाही तर दुकान बंद करावं लागेल, ताई. परत ती परगावच्या गोदामातली नोकरी. मागच्या वेळी मी वर्षभर घरी आलो नव्हतो. आता पोरगी चार महिन्यांची आहे. मी परत येईन तेव्हा ती मला काका म्हणेल."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांची आत्या बसली होती. ताईनं बाटली उघडली.

रंग बघितला. वास घेतला. चेहरा दवाखान्यातला केला. समोरच्याचा दात किती किडलाय हे कळू न देणारा तो चेहरा. गुंड्या टेबलाची कड धरून उभा होता.

पहिला घोट. खळखळ. टण्‌, माझ्यात.

पहिला तर नेहमीच येतो, मी मनाशी म्हटलं.

दुसरा घोट. ताईनं डोळे मिटले. टण्‌.

मित्रांनो, मी साधा पत्रा. पण त्या क्षणी देवाला म्हणालो, तिसरा येऊ देऊ नकोस. या पोराचं दुकान राहू दे.

तिसरा घोट तिनं बराच वेळ तोंडात धरला. गुंड्याच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. घड्याळसुद्धा अडखळल्यासारखं वाटलं.

टण्‌.

ताईनं तोंड पुसलं आणि पेन उचललं. "बरी आहे," ती म्हणाली. आवाज सरळ होता. गुंड्यानं श्वास सोडला. ताईनं चिठ्ठी पुढे ओढली आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

तेवढ्यात आत्या उठली. काठी टेकत टेबलाशी आली, माझा कान धरून मला उचललं आणि उजेडाकडे कलतं केलं.

"तोंडाला काय विचारता?" ती म्हणाली. "टमरेलाला विचारा. तीनच्या तीन इथे आहेत."

पेन थांबलं. ताईनं ती चिठ्ठी फाडली.

"गुंड्या, मला तीनच्या वर जाता येत नाही रे."

"भावासाठी पण नाही?"

"भावाचं लिहिते की खाली."

तिनं नवी चिठ्ठी लिहिली. "दहापैकी तीन. दुकानदार माझा सख्खा भाऊ आहे. तरीही तीन."

गुंड्यानं ती खिशात कोंबली आणि चहा न घेता गेला. जिन्यातून त्याचा आवाज आला, "बहीण म्हणे!"

दोन रविवार तो आला नाही. ताई बाटल्या मांडून बसायची आणि न उघडताच उठायची. मी कोरडा ठाक. ताईनं दुकानासमोरून जायचंही सोडलं.

तिसऱ्या रविवारी दार वाजलं. गुंड्या रिकामी पिशवी घेऊन आत आला.

"तुझी सातवाली संपली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आठवाली पण. नवीन काही चाखून दे."

झालं होतं असं की रागाच्या भरात त्यानं ती चिठ्ठी दुकानाच्या दारातच टांगली होती. बघा लोकहो, माझी बहीण कशी आहे. लोकांनी बघितलं, आणि जी सख्ख्या भावाला तीन देते तिच्या सातवर डोळे मिटून विश्वास टाकला. दुकान राहिलं.

"आणि ती तीनवाली खोकी?" ताईनं विचारलं.

"गिऱ्हाईकं बसतात त्यांच्यावर. बाक म्हणून दहापैकी नऊ."

त्या दिवशी गुंड्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात थुंकला. अर्धं टेबलावर सांडलं, पण शिकेल.

आता ताईकडे स्टीलचं चकचकीत भांडं आहे, गुंड्यानंच दिलेलं. मी मोरीच्या कट्ट्याखाली असतो, फडक्यांच्या शेजारी. कुणी विचारत नाही. तरी मित्रांनो, एवढं ऐका. जुनं भांडं फेकण्याआधी एकदा वाकून आत बघा. तुम्ही तोंडानं काय म्हणालात ते त्याला ठाऊक नसतं, पण तुम्ही काय टाकलंत ते त्यानं जपून ठेवलेलं असतं.

माझा कान मघापासून हलतोय, आणि बूडही ओलं लागतंय. तेव्हा सांगूनच टाकतो. पालीचं खरं आहे. गंजाचंही खरं आहे. खोटं एकच आहे. आत्या उठली नव्हती. ती खुर्चीत घोरत होती. मला कुणीही उचललं नाही.

नावाचं पहिलं अक्षर काढून ताई थांबली, स्वतःच खाली वाकली आणि तिनं माझ्यात पाहिलं.