केक खाणारी आई

बाळाचार्य धारवाडच्या कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झाले होते. एक जुनी जर्मन कादंबरी ते दर वर्षी वाचत. तिच्यात एका घड्याळजीची लहान मुलगी तापानं जाते आणि तो उरलेलं आयुष्य तिच्या दुःखात काढतो. त्या कादंबरीवरचा नवा सिनेमा हुबळीला, देशपांडे नगरातल्या हॉलमध्ये होता. नंतर बोलायला सरांना बोलावलं होतं. बायको शकुंतला सोबत गेली. तिनं पुस्तक कधी वाचलं नव्हतं.

सिनेमात मुलीला पुरून आठवडा झालेला असतो. शेजारीण केक आणते. आई नको नको म्हणते, मग एक तुकडा तोडते, मग दोन्ही हातांनी खाते. शेजारीण काहीतरी बोलते आणि दोघी हसत सुटतात. शकुंतलेचे डोळे भरून आले, आणि तीही हसली.

दिवे लागले. बाळाचार्य माईकपाशी गेले. "कादंबरीत ही आई दोन ओळींपुरती येते. लेखकानं शोकाची बूज राखली होती. इथं बघून मला किळस आली." मग म्हणाले, "अशी बाई मी प्रत्यक्षही पाहिलीय. तेव्हाही आली होती."

ती बाई कोण, हे शकुंतलेला कळलं.

तीस वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची दीपश्री मेंदूज्वरानं गेली. दहाव्या दिवशी शेजारच्या मीनाक्षीअक्कानं हिरवी मिरची घातलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणलं. तोवर शकुंतलेच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. दीपा मिरचीला हिरवा राक्षस म्हणायची, हे अक्काला आठवलं आणि दोघी हसल्या. दारात नवरा उभा होता. तो वळून आत गेला.

हॉलबाहेर तिनं त्यांना गाठलं. "त्या दिवशी माझी किळस आली तुम्हाला?"

"मी सिनेमाबद्दल बोललो."

"खोटं बोलू नका."

"दहावा दिवस होता, शकुंतला. तू हसत होतीस."

"आणि तुम्ही? त्या घड्याळजीसाठी दर वर्षी रडता. दीपाचं नाव शेवटचं कधी घेतलंत?"

इतक्यात आयोजक अमित आला. "सर, फार मनापासून बोललात. एक फोटो?" बाळाचार्यांनी सवयीनं मान ताठ केली आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं दुःख आणलं.

आता शकुंतलेला त्यांची किळस आली. कोपऱ्यातल्या नळावर तिनं चूळ भरली आणि रिक्षा करून थोरल्या बहिणीकडं गेली.

"होगली बिडु, जाऊ दे," मथुराअक्का म्हणाली, "वय झालं त्यांचं."

"सोडून कसं देऊ? तीस वर्षं मी त्या माणसाला माझ्या हातचं वाढलं."

पाचव्या दिवशी बाळाचार्य आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मथुराअक्कासमोर म्हणाले, "चुकलं माझं."

शकुंतला धारवाडला परतली. किळस मात्र लगेच गेली नाही. कितीतरी दिवस ती त्यांना वाढायची आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन जेवायची. बाहेर ताटावर बसून ते दीपाबद्दल अडखळत काहीबाही सांगत, आणि ती भिंतीपलीकडून त्यांच्या चुका दुरुस्त करी.